दोन इस्पिक आणि चार भाकऱ्या

ब्रिज खेळायला भिडू निवडताना एकच काळजी घ्यावी: त्याच्या मुलीशी आपलं लग्न झालेलं नसावं. मी ती घेतली नाही.

दोष तसा माझ्या बायकोचा, वंदनाचा. तिचे वडील, खारबावचे दामोदर पाटील (मी त्यांना मामा म्हणतो), यांच्या गुडघ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदम राजीनामा दिला. भातशेती मेव्हण्याकडे गेली आणि मामा ओटीवरच्या खुर्चीत गेले. दिवसभर बसून रेल्वेच्या मालगाडीचे डबे मोजायचे आणि एखादा कमी भरला तर सासूबाईंवर चिडायचे. शेवटी सासूबाईंनी लेकीला निरोप धाडला आणि लेकीने नवऱ्याला हुकूम सोडला.

"बाबांना कशात तरी गुंतवा. तुम्ही एवढे हुशार!"

बायको 'तुम्ही एवढे हुशार' म्हणाली की शहाण्या माणसाने चप्पल घालून बाहेर पडावं. पण मला ते खरं वाटत होतं! मी तेव्हा नारपोलीला एका सायझिंगमध्ये सुपरवायझर होतो. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ देण्याचा कारखाना. आठवडाभर सुताला कडक करायचं आणि रविवारी वाचनालयाच्या माडीवर ब्रिज खेळायचा, असा माझा नेम. खेळायला लागून तीनच वर्षं झाली होती, पण मी एक शंभरपानी वही भरून काढली होती. तिचं नाव, 'प्रतिसादकाची दुसरी बोली'. क्लबात मला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे. (आदराने म्हणतात, असा माझा समज होता.)

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांनी घाबरू नये. ब्रिज म्हणजे आपला मेंढीकोटच, फक्त कॉलेजात जाऊन आलेला. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. खेळाआधी बोली लागते: हुकूम अमुक, हात इतके. सहा हात धरलेलेच असतात; दोन बोललात तर आठ करायचे, चार बोललात तर दहा. इस्पिकचे चार बोलून ते केलेत तर घसघशीत बक्षीस. पण दोन बोलून बारा केलेत तरी ते बक्षीस नाही, कारण तुम्ही मागितलंच नव्हतं! भिडूला पत्ते दाखवता येत नाहीत, डोळा मारता येत नाही. जे सांगायचं ते बोलीतूनच.

आता यात सगळी गंमत असते ती प्रतिसादकाच्या दुसऱ्या बोलीत. भिडूने बोली उघडली, की आपला पहिला जबाब नुसता 'हो, मी आहे' एवढाच. आपल्याकडे किती माल आहे ते दुसऱ्या खेपेला सांगायचं. हलक्या आवाजात आपलाच रंग पुन्हा बोललो तर अर्थ असा: 'माझ्याकडे एवढंच आहे, पुरे, थांबा.' माल असेल तर उडी मारून थेट वर बोलायचं. आणि नवाच रंग काढला तर भिडूने गप्प बसायचं नाही. एवढंच! शेंबडं पोरही शिकेल, असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

मामा तर मेंढीकोटातले वाघ. खेळून झालेली बावन्न पानं कोणी कधी टाकली ते ओळीने सांगायचे. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, हे गणित त्यांना दोन रविवारांत पाठ झालं. आमच्या क्लबातले डॉक्टर अन्सारी, पेशंटपेक्षा पत्ते जास्त तपासणारे, त्यांना म्हणाले, "पाटीलसाब, आप तो छुपे रुस्तम निकले!" मामा खूश. मी त्याहून खूश. भिवंडीत आमच्या जोडीला तोड नाही, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

तिसऱ्या रविवारी माझ्या हातात सहा इस्पिक आली. पॉइंट मोजून सहा. मामा एक चौकट बोलले. मी एक इस्पिक म्हणालो. मामा दोन चौकट. मग मी वहीत लिहिल्याप्रमाणे, अगदी मऊ आवाजात, दोन इस्पिक म्हणालो. म्हणजे, पुरे.

मामांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं.

"चार इस्पिक!"

दहा बोललो, सात झाले. पत्ते वाईट होते म्हणून सोडून दिलं. पुढच्या डावाला मी दोन बदाम म्हणून थांबलो. मामा चार बदाम! त्याच्या पुढच्या डावाला तेच. दुपारी स्कूटरवरून खारबावला जेवायला जाताना मी विषय काढला.

"मामा, मी दोन इस्पिक म्हणालो. म्हणजे पुरे."

"हां. आयकला मी," मागच्या सीटवरून आवाज आला.

"मग चार कशाला बोललात?"

"तुमी पैल्यान इस्पिक बोल्लाव. मी आपला चौकट बोललो. तुमी परत इस्पिक बोल्लाव. जावाय एक वस्तू दोनदा मागतो आन् मी देत न्हाय? तिसऱ्यांदा मागाया लावू? गावान तोंड कसा दाखवू?"

"अहो, मागितलं नाही मी! नको म्हणालो!"

"नको तं सगलेच बोलतान," मामा म्हणाले.

अर्ध्या तासाने मी पाटावर बसलो होतो. सासूबाई तांदळाची भाकरी घेऊन आल्या. मी म्हणालो, "पुरे." भाकरी पडली. मी म्हणालो, "खरंच पुरे." आणखी एक पडली. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. सुकटीची आमटी बोटांवरून ओघळत ताटात गेली! "खा, खा, लाजू नको," असं म्हणत सासूबाई वळल्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या घरात 'पुरे' हा शब्द थांबण्यासाठी कधी वापरलाच गेला नव्हता. जावई पुरे म्हणाला, की पळी पुन्हा बुडवायची! मामा ब्रिजच्या टेबलावर खेळत नव्हते, वाढत होते.

घरी आल्यावर वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हीच दुसऱ्यांदा बोलू नका ना. पत्ते वाईट असले की गुपचूप पास म्हणा. ताटावरून उठलं की कोणी वाढत नाही."

आज सांगतो, हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण मग माझ्या शंभर पानांचं काय? दुसरी बोली बोलायचीच नाही, तर वहीचं लोणचं घालायचं होतं का? मी ठरवलं, माणूस बदलायचा. आणि रोग ताटात असेल तर औषधही ताटातच द्यायचं.

पुढच्या रविवारी मी खारबावच्या स्वयंपाकघरात जाहीर केलं, "आजपासून या घरात पुरे म्हणजे पुरे. मी एकदा म्हणालो की वाढायचं नाही. मामांची तालीम आहे."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "आन् लोकांनी इचारला तं?"

"कोण विचारतंय, मामी?"

"इचारतान! पाटलीण जावयाला मोजून वाढते, असा बोलतान."

"आयक गो," मामा गंभीरपणे म्हणाले, "जावाय शिकलेला हाय. त्याचेकं वही हाय."

मी जेवायला बसलो. पहिली भाकरी संपली. सासूबाई दुसरी घेऊन आल्या आणि मी सवयीने म्हणालो, "पुरे."

भाकरी परत गेली.

मी रिकाम्या ताटाकडे बघत बसलो. बाहेरून भाजलेल्या बोंबलाचा वास येत होता. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, की मी पहिल्या भाकरीला पुरे म्हणत आलो ते पुढच्या तीन येणारच या भरवशावर! आता मागू कसा? नियम माझा, तालीम माझी. परतताना अंजूरफाट्याला स्कूटर थांबवली आणि उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली.

असे चार रविवार गेले. माझा पट्टा एक भोक आत गेला. मामा मात्र तयार होत होते. मी पुरे म्हणालो की ते सासूबाईंकडे बघून हळूच हात वर करायचे, ट्रॅफिकच्या हवालदारासारखा. चौथ्या रविवारी घरी येऊन स्कूटरची डिकी उघडली, तर आत फडक्यात बांधलेल्या सहा भाकऱ्या आणि बोंबील! समोरून पुरे, मागून सुरूच. एखाद्या हुशार माणसाने तिथेच ओळखलं असतं. मी ते बोंबील खाल्ले आणि तालीम यशस्वी झाली असं वहीत लिहिलं.

मग आली क्लबची वार्षिक स्पर्धा. आठ टेबलं, सोळा जोड्या आणि एक चांदीच्या रंगाचा कप, दोन्ही बाजूंना कानांसारख्या मुठी असलेला. त्या सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. खाडीचा वारा तोंडावर येत होता. मागून मामा म्हणाले, "जावाय, मी आयुष्यान कशामंदी पैला आलेलो न्हाय. शालेत न्हाय, कबड्डीत न्हाय. भात लावाया बसलो तरी बाजूवाला पुढं. तुमच्या मामीनं शोकेसमंदी जागा केली हाय. काचेचा बदक काढून ठेवला."

ते बदक आमच्या लग्नातलं होतं आणि मामींचं फार लाडकं. "मामा, कप आपलाच," मी म्हणालो. आणि मला खरोखरच तसं वाटत होतं. तो कप त्या शोकेसमध्ये बसवायचाच, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी मला हवी होती.

सकाळी आम्ही झकास खेळलो. मामांनी समोरच्यांची पानं अशी ओळखली, की एक बँकवाले गृहस्थ आपले पत्ते छातीला लावून बसले. फक्त दोनदा गडबड झाली. दोन्ही वेळा मी पुरे म्हणालो आणि दोन्ही वेळा मामांनी वाढलं! एकदा पानं इतकी सोयीची पडली होती की मी ते चार करूनही दाखवले. दुसऱ्यांदा सपशेल आपटलो. चहाच्या सुट्टीत मी मामांना जिन्यात गाठलं.

"मामा! चार रविवार मी उपाशी राहिलो ते कशासाठी?"

"तोंडान आपोआप येतय वो," मामा बिचारे कपबशी सावरत म्हणाले. "तुमी एवडासा तोंड करून बोलताव. मना बघवत न्हाय."

"आता शेवटचं सांगतो. पुन्हा वाढलंत, तर तुमच्या घरी जेवायला येणार नाही!"

मामांच्या बशीतला चहा हिंदकळला. जावयाने असं बोलावं! मलाही लगेच वाईट वाटलं, पण घंटा झाली आणि आम्ही आत गेलो. पाच मिनिटांत मी काय बोललो ते विसरलो. मामा विसरले नाहीत.

शेवटच्या डावाआधी गुण वाचून दाखवले. पहिले आम्ही! दुसरे डॉक्टर अन्सारी आणि त्यांचा भिडू, केसभर मागे. आणि शेवटचा डाव नेमका त्यांच्याविरुद्धच. ब्रिजच्या स्पर्धेत तेच पत्ते पेटीतून सगळ्या टेबलांवर फिरतात. हा डाव बाकीच्या टेबलांवर होऊन गेला होता. म्हणजे इतरांनी जे केलं तेवढं केलं, तरी कप खारबावला.

मी पत्ते उचलले. इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम आणि वर तीन छोटी पानं. बदामचा एक्का. किलवरचा राजा. पंधरा पॉइंट!

मामा म्हणाले, "एक चौकट."

"एक इस्पिक," मी.

"दोन चौकट," मामा.

आता माझी दुसरी बोली. वहीत पान तेवीसवर सरळ लिहिलेलं होतं: एवढा माल असेल तर थेट चार इस्पिक. कुणीही चार बोललं असतं. शेंबडं पोरही. पण मी प्रोफेसर होतो! माझं डोकं भराभर चालायला लागलं. मामा वाढणारच. दोन बोललो की ते चार करतात. मग मी चार बोललो तर आग्रहाने सहा करतील, सात करतील, आणि कप गेला! उलट मी दोनच बोलावं, मामा आपणहून चारवर नेतील. नेमके चार! आपल्या माणसाचा स्वभाव ओळखून खेळतो तो खरा खेळाडू, असं माझ्या मनात आलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मी चेहरा एवढासा केला आणि मऊ आवाजात म्हणालो, "दोन इस्पिक."

अन्सारी पास.

मामा थांबले. त्यांनी पत्त्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. कपाळावर घाम आला. पुन्हा तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, बोला मामा, वाढा! मामांनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळे मिटले आणि कुणाचं तरी हाड बसवावं तशा जोराने म्हणाले,

"पास!"

मला वाटलं, छत खाली येतंय. अन्सारींच्या भिडूने घाईघाईने पास म्हटलं आणि बोली संपली. इस्पिक, दोन. आता खेळणार मी एकटा, म्हणून नियमाप्रमाणे मामांनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "बघा," ते हळूच म्हणाले, "हात आखडला मी!"

मी बारा हात केले. आठ मागितले होते, बारा मिळाले. एकेक हात उचलताना मामांचा चेहरा उतरत गेला, कारण ते पानं मोजणारे होते. राजा पडला, गुलाम पडला, आणि त्यांना सगळं समजत गेलं. अन्सारी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"बारा हात, और बोली दो की! दामादजी, आपने तो बिर्यानी पका के दाल परोस दी!"

बाकीच्या सात टेबलांवर सगळे चार बोलले होते. कप अन्सारींना गेला. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाचा स्टीलचा डबा मिळाला, झाकणावर 'उपविजेते' असं कोरलेला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आभार मानले. मला मात्र ते काचेचं बदक दिसत होतं. त्यांनी मला तिथेच शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परतताना स्कूटरवर कामतघर मागे पडलं. मामा म्हणाले, "पंधरा पॉइंट हुते तुमचेकं."

"हो."

"मंग पुरे कसा बोल्लाव?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मामा, मला वाटलं, तुम्ही वाढाल."

एकदम स्कूटर हलायला लागली. मला वाटलं चाक गेलं. मागे वळून पाहिलं तर मामा पोट धरून हसत होते, डबा मांडीवर नाचत होता.

"म्हंजे," ते कसेबसे म्हणाले, "नको तं सगलेच बोलतान!"

खारबावला दारात रांगोळी होती. कप येणार म्हणून मामींनी भावकी बोलावली होती, मटणाचं पातेलं उतरवलं होतं. मामांनी कुणाला काही विचारू दिलं नाही. सरळ आत गेले आणि बदकाच्या जागी डबा ठेवला, 'उपविजेते' समोर येईल असा. "दुसरा आलो," ते मोठ्याने म्हणाले. "जावयामुलं." यात आभार किती आणि टोमणा किती, ते मी आजवर विचारलेलं नाही.

दिवेलागणीला पंगत बसली. पंधरा-वीस माणसं, मध्ये मी. दिवसभरात पोटात एक चहा आणि अपमान एवढंच गेलं होतं. ताटात रस्सा आला, पहिली भाकरी आली आणि दोन घासांत गेली. मामी दुसरी घेऊन वाकल्या. आणि बारा वर्षांची जीभ आपोआप वळली.

"पुरे!"

"थांब गो!" मामांचा हात हवालदारासारखा वर गेला. "जावाय पुरे बोलले."

भाकरी परत निघाली. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. वंदना पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली होती.

"मामा," मी केविलवाण्या आवाजात म्हणालो, "माझी बोली मागे घेतो."

"बोली मागं घेता येत न्हाय," मामा शांतपणे रस्सा भुरकत म्हणाले. "पान अकरा. तुमचेच वहीन हाय."

"मागे घेता येत नाही, पण वाढवता येते!" मी ओरडलो. "चार! चार भाकऱ्या!"

मामांनी पंगतीवरून एक नजर फिरवली, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "पास."

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या खऱ्या ताकदीएवढी बोली लावली होती, तीही उडी मारून. आणि चार बोलून पाच खाल्ल्या! ब्रिजमध्ये याला एक हात जादा म्हणतात. कप मात्र अजून अन्सारी डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे, ते त्यात थर्मामीटर ठेवतात.